वर्षावासातली वाचक

गेल्या वर्षी, आषाढ पौर्णिमेचा आदला दिवस. संध्याकाळी साडेपाच, लोणखेड्याकडच्या आमच्या वसाहतीतल्या बुद्धविहारात बैठक. हजर: महिला मंडळाच्या सात जणी, विहाराची किल्ली सांभाळणारे निवृत्त गुरुजी, बारावीनंतर सरकारी भरतीची तयारी करणारी एक मुलगी, आणि सचिव म्हणून मी. गैरहजर कोणी नाही.

विषय एकच होता. वर्षावासाचे, म्हणजे आषाढ ते आश्विन पौर्णिमेपर्यंतचे, तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आधी गुरुजी वाचायचे, पण आता त्यांना अक्षरं नीट दिसत नाहीत. मी आठवड्याला एक वाचक असा तक्ता आखून नेला होता. आमच्या बायकांची घरची बोली अहिराणी. छापील मराठी वाचताना त्या अडखळतात, मग लाजतात. सगळ्या त्या मुलीकडे बघायला लागल्या.

“तूच वाच व बेटी. तू वाचस ते डोकामा बसस,” एक म्हातारी म्हणाली.

“आजी, मन्हा अभ्यास शे ना.”

“हाऊ काय अभ्यास नही शे का?” म्हातारीने ग्रंथाकडे बोट केलं.

सगळ्या हसल्या. मुलगीही हसली. मी तक्ता खोडला आणि तिन्ही महिन्यांपुढे तिचं नाव लिहिलं. आपल्या वस्तीतली शिकलेली पोर सगळ्यांसमोर बसून वाचणार, हा आमच्या दृष्टीने तिचा मान होता. कधी शाळेत न गेलेली तिची आई पांढरी साडी नेसून रोज पहिल्या रांगेत बसायची.

तिच्या घरी एक खोली आणि पाच माणसं. म्हणून ती अभ्यासाला विहारातच यायची. सकाळी घरकाम, दुपारी शिवणकाम, त्यामुळे सात ते नऊ हीच तिची वेळ. ट्यूबलाइट, पंखा आणि शांतता तिला तिथेच मिळायची. आता त्याच वेळेत वाचन, मग चहा, मग चटया गुंडाळणं, आणि नऊला कुलूप. हे मला माहीत होतं. तक्ता करताना सुचलं नाही, एवढंच.

भाद्रपदात ती मला दारात गाठून म्हणाली, “मावशी, आठवड्यात दोन दिवस दुसरं कोणी वाचेल का?”

“बघते,” म्हणाले. वहीतही लिहून घेतलं. पण ऐकणाऱ्यांची गर्दी वाढत होती, बाया खूश होत्या. मी कोणालाच विचारलं नाही.

आश्विन पौर्णिमेला समारोप झाला. खीर झाली, तिचा सत्कार झाला. दिवाळी झाल्यावर आठवड्याभरात परीक्षा. थोडक्या गुणांनी ती राहिली.

तिचे वडील पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतात. माणूस वाईट नाही. एक परीक्षा देऊ दे, मग लग्न, असं त्यांचं आधीच ठरलं होतं. उन्हाळ्यात साखरपुडा झाला. दिवाळीनंतर लग्न आहे.

परवा यंदाच्या वाचनाची बैठक झाली. मुलगी आली नव्हती.

“लगीन व्हवापर्यंत ती वाचीन ना,” तीच म्हातारी म्हणाली.

“नाही. पाळीपाळीने वाचायचं. पहिला आठवडा माझा, दुसरा तुमच्या सुनेचा.”

“ती ते अडखळस!”

“अडखळू दे.”

“बाई, तुम्हले आते अक्कल उनी का?” दुसरी म्हणाली. आत्ता अक्कल आली का, या प्रश्नावर कोणी हसलं नाही. मी खाली बघून नावं लिहीत राहिले.

भरतीची नवी जाहिरात आली आहे. मुलगी स्वतःहून घरी विषय काढणार नाही. तिच्या आईने मला सांगितलं, पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आहेत. वडिलांना कोणीतरी सांगायला हवं की पोर कमी पडली नाही, तिची वेळ आम्ही घेतली. आणि आम्ही म्हणजे कोण, तेही सांगायला हवं. दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत गेले. एकदा ते अंगणात ट्रॅक्टर धूत होते, मला बघून “या ताई” म्हणालेसुद्धा. मी चटयांचं काहीतरी बोलून परत आले.

यंदाचा तक्ता भिंतीवर लागला. पंखा दुरुस्त झाला. अर्जाची मुदत महिनाअखेरीस संपते. त्यांच्याशी बोलणं बाकी आहे.