तोफांच्या आधीची मोजणी

अमेरिकेत शॉमबर्गला ताईकडे येऊन वर्ष होत आलं, तरी माझ्या सर्व्हेच्या डिप्लोमाला कोणी विचारेना. पाटबंधारे खात्यात चार वर्षं कालव्यांची मोजणी केली होती, ती इथे कोणाच्या उपयोगाची नव्हती. शेवटी ग्रीन कार्डावर अमेरिकेच्या सैन्यात भरती झालो. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. ताई म्हणाली, निदान ऑफिसमधलं काम माग.

मिळाली तोफखान्याची मोजणी तुकडी, आणि वाळवंटातल्या लढाईच्या सरावासाठी आम्हाला कॅलिफोर्नियात नेलं. तोफा येण्याआधी पोचायचं, त्या जिथे उभ्या राहणार ती जागा नकाशावर नेमकी कुठे येते ते काढायचं आणि दिशेची खूण ठोकून द्यायची, हे आमचं काम. आपण कुठे उभे आहोत हेच चुकलं, तर गोळा भलतीकडे पडतो. तुकडीत आम्ही चौघे होतो. दोघे पुढेमागे दांडे घेऊन उभे राहत, मी थिओडोलाइटच्या, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राच्या, दुर्बिणीतून कोन वाचून वहीत लिहीत असे आणि सार्जंट हिशेब जुळवी. तो चाळिशीचा होता, गुडघे गेलेला.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळेच पिचून गेलो होतो. दहा वाजल्यापासून जमीन तापून हवा थरथरायची आणि दुर्बिणीतला दांडा पाण्यात बुडवल्यासारखा हलायचा. प्यायचं पाणी कोमट, प्लास्टिकच्या वासाचं. त्या दिवशी माहीत असलेल्या एका खुणेपासून निघून, तोफांच्या जागेवरून फिरून, पुन्हा त्याच खुणेवर आलो. आकडे तिथे जुळायला हवे होते. जुळले नाहीत. सार्जंटने जीपच्या बॉनेटवर कागद पसरून दोनदा गणित केलं आणि वही माझ्यापुढे ठेवली.

पाचव्या जागेच्या कोनावर माझी नजर अडकली. शेवटी सेहेचाळीस लिहिलं होतं. दुर्बिणीत मी चौसष्ट वाचलं होतं बहुतेक. मनात मराठीत म्हणताना चार आधी आला, तोच हाताने आधी लिहिला. मी ते सांगितलं आणि आकडा बदलू का म्हणून विचारलं.

"आठवणीवर आकडा बदलायचा नाही," सार्जंट म्हणाला. "परत जाऊन बघायचं."

पाचवी जागा कड्यावर होती, जीप जात नव्हती. सुटे दगड तुडवत, यंत्र खांद्यावर घेऊन चौघेही पुन्हा चढलो. माझ्या चुकीपायी चाललो होतो, पण कोणी मला बोललं नाही. रागवायलाही त्राण लागतं. सार्जंट मधेमधे गुडघा धरून थांबे, तेव्हा मी दुसरीकडे बघायचो.

आकडा चौसष्टच निघाला. सार्जंट धापा टाकत शेजारी बसला.

"तू मोजतोस कुठल्या भाषेत?"

"मराठीत."

"मोज की. फक्त लिहिताना एकेक अंक वेगळा म्हण. सहा. चार."

त्याने तिथेच मांडीवर कागद ठेवून गणित जुळवलं आणि वायरलेसवरून तोफांच्या जागेचा आकडा कळवला. पलीकडून उत्तर आलं, की तोफखाना दुपारीच पुढे सरकला होता. आमच्या आकड्याची वाट बघत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी ती जागा नकाशावरून अंदाजानेच धरली होती. आता दुसऱ्या टेकडीपलीकडची जागा मोजून हवी होती, उद्या सकाळी.

दांडेवाल्यांपैकी एकजण तिथेच आडवा झाला. मला रडू येईल असं वाटलं, पण तेही आलं नाही. सार्जंटने वही मागून घेतली, पानाच्या तळाशी सही केली आणि परत दिली.

"ठेव नीट," म्हणाला. "बरोबर आहे ती."

मी वही पिशवीत घातली, यंत्राचे पाय दुमडले, आणि उजेड आहे तोवर आम्ही सावकाश उतरायला लागलो.