भोंग्यावरचं गाऱ्हाणं

१९९८ साली हातखंब्याच्या तिठ्यावर मी जुन्या गाड्या विकायचं दुकान टाकलं. जाहिरातीला हाताशी काय, तर भाड्याची रिक्षा, तिच्यावर भोंगा आणि माझा खणखणीत आवाज. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवापुढे नारळ ठेवून घरातला कर्ता गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. तेच उचलून मी गाड्यांना लावलं.

"बा देवा म्हाराजा, ही जी पांढरी गाडी आज तिठ्यावर उभी हाय, तिला घाटात धाप लागू देव नको, नि घेणाऱ्याच्या मेव्हण्याची नजर तिच्यावर पडू देव नको रे म्हाराजा!"

बाजारातून आरोळी यायची, "व्हय म्हाराजा!" आखातातून सुट्टीवर आलेले मुसलमान भाईसुद्धा चावी घेताना हसत हसत तेच म्हणायचे. गाड्या खपल्या, खोटं कशाला बोलू? पण पुढे पुढे मला त्याचा वीट आला. लग्नाच्या पंगतीत वाढपी विचारायचे, "भात घालू ना? व्हय म्हाराजा?" दाढ ठणकतेय म्हणून डॉक्टरकडे गेलो, तर तो म्हणाला, आधी ते गाऱ्हाणं होऊन जाऊ द्या. सुजलेल्या गालाने तेही केलं. गिऱ्हाईक तुटायला नको ना!

मग बायकोच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन मुंबईला ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी गावच्या देवळात भाऊबंद जमले. घरात वडील माणूस मीच, म्हणून गाऱ्हाणं मीच घालायचं. फार घाबरलो होतो मी. नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा..." एवढंच म्हटलं आणि मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी एक. मुद्दाम हसत नव्हते बिचारे. तोंडावर पंचे धरून दाबत होते. राग कोणावर काढणार? मी पुन्हा सुरुवात केली, तर आवाज भोंग्यावर चढायचा तिथेच चढला. माझं मलाच खरं वाटेना.

धाकट्या चुलतभावाने खांद्यावर हात ठेवला. "दादा, तू ऱ्हव. मी घालतो."

त्याने चांगलं घातलं. माझ्या बायकोचं आयुष्य त्याने मागितलं आणि मी मागे उभा राहून साथ दिली.

ती बरी होऊन घरी आली. उशीला टेकून बसली असताना एकदा तिने विचारलं, "त्या दिवशी देवळात तुम्ही काय मागणार होतात हो?"

मी तिच्याजवळ बसलो आणि अगदी हळू आवाजात सांगायला लागलो. एक वाक्यही पुरं झालं नसेल, तिला हसू फुटलं. टाके दुखत होते, तरी पोटावर हात दाबून ती हसत राहिली.

कितीतरी दिवसांनी हसत होती. मी मग पांढऱ्या गाडीचंच गाऱ्हाणं म्हणून दाखवलं.