काळा पडदा आणि पहिली फेरी

आष्टीच्या डोंगरावरून उडताना माझ्या पोराच्या नव्या छोट्या विमानातला वाट दाखवणारा पडदा काळा झाला. पहिल्या फेरीचा मुहूर्त टळू नये म्हणून पोरानं इंजिनिअरला नवं सॉफ्टवेअर भरणं अर्ध्यातच थांबवायला लावलं होतं. मागून धाकटी जाऊ किंचाळली, "तरी म्हनत व्हते, पयल्या फेरीला विधवा बाई नको!"

"गप गं! घाई तुमच्या मुहूर्तानं केली, माझ्या कपाळानं न्हाई." मग मी वैमानिकाला म्हटलं, "पडदा मेला तर मरू द्या. डोळे हायत ना?"

त्यानं खालचा रस्ता धरून विमान धावपट्टीवर परत आणलं. पुढं सॉफ्टवेअर पुरतं भरल्यावर पहिली फेरी नव्यानं करायची ठरली, तेव्हा पोरानं तिच्यासाठी सुवासिनी शोधली. मी न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसले, उठले नाही.

जाऊ अजून माझ्या पायगुणाचं बोलते. पडदा काळा झाला त्या दिवशी विमानात पोरगा, जाऊ, वैमानिक आणि मी होतो. चौघंही जगलो.