थंड टायरची हवा

गाडी कुठंतरी जाण्यासाठी घेतात, असा जगात सगळ्यांचा समज आहे. माझ्या व्याह्यांचा नाही. त्यांनी गाडी घेतली ती टायरात हवा किती आहे हे बघण्यासाठी, आणि मला विचाराल तर इतकी ठणठणीत चाकं आणि इतका जागचा न हलणारा मालक अख्ख्या पुणे शहरात दुसरा सापडायचा नाही. मी चौथीच्या पुढं शाळा पाहिली नाही, पण बैल, ट्रॅक्टर आणि माणूस यांतलं कोण कुठं अडतं आणि कशानं हलतं हे मला कळतं. या एका माणसापुढं मात्र मी हात टेकले.

हडपसरच्या कारखान्यात ते बॉयलरवर होते. तिथं त्यांचं काम एकच, काट्यावर नजर ठेवायची. काटा लाल रेघेकडं सरकला की वाफ सोडायची, खाली आला की जाळ वाढवायला सांगायचं. उभी हयात त्यांनी काटा बघितला. मग दिवस पालटले, कारखान्याला कुलूप लागलं, माझ्या उसाच्या रानात काचेची इमारत उभी राहिली आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, त्या इमारतीत कॉम्प्युटरपुढं बसायला जाऊ लागला. कारखान्यानं निरोपाचे म्हणून जे दिले त्यातून व्याह्यांनी एक पांढरी गाडी घेतली आणि तिच्यासोबत हवा मोजायचा एक पितळी काटा. तो काटा हातात आल्यावर माणसाच्या तोंडावर रया आली. गाडी बिचारी काट्यावर फुकट मिळाल्यासारखी पडून राहिली.

रोज सकाळी, चहाच्याही आधी, चारी चाकं बघायची आणि मग डिकी उघडून स्टेपनीची विचारपूस करायची. काटा लावताना दर वेळी फुस्स करून थोडी हवा जाते, हे त्यांनाही मान्य होतं. पण न बघता किती गेली हे कसं कळणार, असा त्यांचा सवाल. त्यामुळं बघून बघूनच हवा कमी व्हायची आणि ती भरायला पंपावर जावं लागायचं. आता तिथं दुसरं संकट. चाक पळालं की तापतं, तापलं की आतली हवा फुगते आणि काटा खोटं बोलतो. म्हणून हवा बघायची ती टायर थंड असताना. हे खरंच आहे, कुणीही सांगेल. पण पंपापर्यंत चालवत नेली तर टायर थंड राहणार कसं? यावर व्याह्यांनी काढलेला उपाय असा की गाडी पंपापर्यंत ढकलत न्यायची. ते आत स्टिअरिंगवर, मागं मी आणि जावई. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेला माझा जावई घामाघूम होऊन विनवायचा, "पप्पा, दोन पॉइंटनी काय फरक पडतो? प्लीज, स्टार्ट करा ना." पंपावरच्या माणसानं एकदा आमची वरात शांतपणे न्याहाळली आणि पेट्रोल संपलंय का म्हणून विचारलं. व्याही अभिमानानं म्हणाले, टाकी काठोकाठ आहे. तेव्हा तो म्हणाला, "मग काका, डॉक्टर पुढच्या चौकात बसतात."

टायरच्या खाचांचं खूळ वेगळंच. रुपयाचं नाणं खाचेत उभं धरून ते किती बुडतं ते बघायचं. न चालणाऱ्या गाडीच्या खाचा झिजणार कशा? पण रोज नाणं तेवढंच बुडालं की त्यांना समाधान वाटायचं, मूल तापातून उठल्यासारखं. झिजून गुळगुळीत गोटा झालेलं टायर पावसात घसरतं आणि घरंच्या घरं उघडी पडतात, हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर कापायचा. आमच्या नातीच्या बारशाला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी दारात गाठलं ते नमस्काराला नव्हे. वाकून पाहुण्यांच्या गाडीचं पुढचं चाक आतल्या अंगानं झिजलंय हे दाखवायला. त्या गृहस्थांचं जेवणात लक्ष लागलं नाही, सारखे उठून बाहेर बघून यायचे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मधे एक म्हातारी होती. सासवडच्या पुढं एका वाडीत विहीणबाईंची थोरली बहीण राहायची, सगळे तिला आक्का म्हणायचे. आई गेल्यावर आक्कानंच विहीणबाईंना काखेत वागवून वाढवलं. धाकटीच्या दारात गाडी आली हे कळल्यापासून म्हातारीचा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर एकच निरोप असायचा: गाडी घेऊन ये, मला एकदा बसव. उन्हाळ्यात व्याही म्हणायचे दिवे घाटात टायर तापेल, पावसाळ्यात म्हणायचे निसरडं आहे, आणि थंडीत सांगायचे की उसाच्या ट्रॉल्या चालू आहेत, रस्ताभर खिळे पडलेत. असं करता करता आक्काचे डोळे गेले, मग पाय गेले. विहीणबाई विचारायच्या बंद झाल्या. त्यांचं विचारणं बंद होणं मला जास्त लागलं.

मग एका सकाळी फोन आला की आक्कानं अन्न सोडलंय आणि धाकटीचं नाव घेतेय. निघालो. व्याही चालवत होते, विहीणबाई शेजारी, मी मागं. बैलगाडीच्या चालीनं घाटाच्या पायथ्याशी पोचलो आणि त्यांनी गाडी कडेला घेतली, काटा काढला, वाकले.

"तापलंय. जरा निवू द्या, मग बघू."

मी म्हटलं, "अहो, तिकडं माणूस निवत चाललंय."

"पाव्हणं, घाटात टायर फुटलं तर तिघंही जाऊ. आक्काला काय तोंड दाखवायचं?"

विहीणबाई उतरल्या, पदर खोचला आणि मागून माणसं भरून येणाऱ्या वडापच्या जीपला हात केला. चढताना एवढंच म्हणाल्या, "तुमची हवा झाली की या."

तुम्हाला वाटेल आता तरी हा माणूस निघाला असेल. नाही निघाला. टायरवर हात ठेवून उभा राहिला, लेकराचा ताप बघावा तसा. मलाही जीपनं जाता आलं असतं, पण त्या कडेला त्याला एकट्याला सोडवेना.

वाडीत पोचलो तेव्हा रडणं रस्त्यापर्यंत येत होतं. घराकडच्या बोळात बाभळीचे काटे पसरलेले, म्हणून व्याह्यांनी गाडी डांबरावरच ठेवली आणि आम्ही चालत गेलो. विहीणबाई आक्काच्या उशाशी बसल्या होत्या. मला बघून हळूच म्हणाल्या, "घावली मला. बोलली. गाडी आणलीस का म्हणली. मी म्हणलं, दारातच हाय, लिंबाखाली. तर म्हणती, तुझा मालक सांभाळून आणतो न्हवं? म्हणलं, लई सांभाळून." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला सोसलं नाही.

व्याही माझ्या मागंच उभे होते. ते बाहेर गेले. थोड्या वेळानं गाडीचा आवाज आला, आणि बघतो तर बोळातून, त्या काट्यांवरून, पांढरी गाडी धडपडत दाराकडं येत होती. त्यांनी ती लिंबाखाली आणून उभी केली आणि मागचं दार उघडून ठेवलं, कुणी बसायला यायचंय असं. बाया रडायच्या थांबून बघायला लागल्या. मागच्या चाकातून बारीक सूं असा आवाज येत होता आणि गाडी एका अंगाला हळूहळू खाली बसत होती. मला ऐकू येत होतं म्हणजे त्यांनाही येत असणार. ते उघड्या दाराला धरून उभे राहिले. वाकून बघितलं नाही.