मेव्हणे गिटार बघायला येतात

सर्व नातेवाईक, शेजारीपाजारी, संगीतप्रेमी आणि तमाम वीजग्राहक यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, विजेला सगळ्यात जास्त घाबरणारा माणूस कोण, हा प्रश्न कायमचा निकालात निघालेला आहे. तो माणूस म्हणजे आमच्या हिचे मावसभाऊ, अर्थात माझे मेव्हणे. यात एवढं गंभीर काय, विजेला कोण भीत नाही, असं तुम्ही म्हणाल. थांबा. हा माणूस इलेक्ट्रिक गिटार वाजवतो.

त्यांच्या घरात दोन लाटणी आहेत. एक पोळ्यांचं आणि एक दिव्यांचं. दिव्याचं बटण मेव्हणे बोटानं कधीच दाबत नाहीत. हात लांब करून, मान मागं घेऊन, लाटण्याच्या टोकानं दाबतात आणि मग दिव्याकडे असं बघतात, जणू तो आता अंगावर उडी घेणार आहे. आमच्या दाराची बेल त्यांनी आजवर वाजवलेली नाही. फाटकापाशी उभं राहून 'ओ दाजीऽऽ' अशी हाक मारतात, ती मी आणि गल्लीतले दोन-तीन इतर दाजी असे मिळून ऐकतो. पायात चोवीस तास रबरी स्लीपर. स्वतःच्या घरच्या सत्यनारायणाला ते स्लीपर काढायला तयार नव्हते, कारण भटजींच्या मागं टेबलफॅन होता. एकदा आम्ही पैठणला धरणावर डबे घेऊन गेलो, तर या गृहस्थांनी कुणालातरी विचारून वीजघर कोणत्या बाजूला आहे ते आधी समजून घेतलं आणि त्या दिशेला पाठ करून जेवले. 'तिकडं वीज नुसती वापरत नायत दाजी, तयार करतेत,' असं मला हळूच सांगितलं. लोडशेडिंगच्या काळात अख्खं शहर घामाघूम होऊन विजेच्या नावानं बोटं मोडत असे. एकटे मेव्हणे तेवढ्या तासांत माणसात येत. दिवे गेले की स्लीपर भिरकावत, फ्रिजच्या पाठीवर थाप मारत, घरातली सगळी बटणं उगाच खालीवर करत आणि म्हणत, 'आता कसं मोकळं वाटायलंय!' मग वीज यायची, त्यांनी खेळून ठेवलेले दिवे, पंखे, मिक्सर सगळं एकदम सुरू व्हायचं आणि मेव्हणे अंगणात सापडायचे.

आता त्यांच्या गिटारीविषयी. ही गिटार आतून पोकळ नसते; अखंड लाकडाची, भरीव. पोटात हवाच नाही म्हटल्यावर ती स्वतःच्या जिवावर बोलणार किती? वायरीनं अँप्लिफायरला, म्हणजे वादक मंडळी ज्याला नुसता 'डबा' म्हणतात त्याला जोडली, तरच तिला कंठ फुटतो. मेव्हणे ती वायर न लावता वाजवतात. रोज संध्याकाळी, खिडकीपाशी, डोळे मिटून, मान डोलवत, मध्येच भिवया उंचावून स्वतःलाच दाद देत. समोर बसणाऱ्याला ऐकू येतं ते एवढंच, की कुठंतरी काचेच्या बरणीत एक माशी अडकली आहे आणि तिला बाहेर यायचं आहे.

ही भीती जन्मजात नव्हे. तरुणपणी मेव्हणे एका ऑर्केस्ट्रात होते. केस मानेपर्यंत, पँट खाली घेरदार. गणपतीत फर्दापूरला कार्यक्रम होता. धूळ उडू नये म्हणून मंडळाच्या उत्साही पोरांनी मैदानावर पाणी मारलं आणि उरलेलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून स्टेजवरही मारलं. मेव्हणे अनवाणी. गाण्यात कोरसची एक ओळ त्यांच्या वाट्याला होती. हात तारांवर ठेवून त्यांनी तोंड पुढं केलं, ओठ माइकला लागले मात्र, गडी थरथरत क्षणभर तिथंच चिकटला आणि मग मागच्या मागं उडून थेट ढोलकवाल्याच्या मांडीवर जाऊन पडला. फर्दापूरकरांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या आणि 'वन्स मोअर' दिला. हा प्रसंग सांगताना मी दर वेळी उठून, चिकटून आणि उडून दाखवतो, आणि लोक हसून लोळतात. मेव्हणे हसत नाहीत. एकदाच म्हणाले, 'दाजी, मला हात सोडवता येईना अन् समोर लोक टाळ्या वाजवायले.' त्या दिवशी मी उडायचं राहू दिलं.

पण वायर सुटली म्हणून त्यांची विद्या सुटली नाही. शहरात कुणालाही इलेक्ट्रिक गिटार घ्यायची असली, की तो आधी मेव्हण्यांना सोबत नेतो. गिटार चांगली की वाईट, हे ते सांगतच नाहीत. ही या माणसाची आहे का, एवढंच सांगतात. गिटार गळ्यात अडकवायला लावतात आणि फर्मावतात, 'हात सोड.' समोरचा घाबरत घाबरत दोन्ही हात सोडतो. काही गिटारींची मान जड असते. हात सुटला की मान धाडकन जमिनीकडे. 'बघ, ही तुला जन्मभर उचलून धरायला लावणार. वाजवणार कवा?' मग बरगडीखाली कड रुततेय का, मानेवरच्या पहिल्या पडद्याला, म्हणजे धातूच्या पट्टीला, बोट पोचवताना खांदा पुढं पळतोय का, मान तळव्यात मावतेय का, हे सगळं शिंप्यासारखं मागून-पुढून बघायचं. मग डॉक्टर छातीला लावतो तसा गिटारीच्या लाकडाला स्वतःचा कान लावून एक तार छेडायची आणि आत थरथर पोचते का ते ऐकायचं. शेवटची परीक्षा चहाची. गिटार गळ्यात ठेवून बशीनं चहा प्यायचा आणि मेव्हण्यांशी गप्पा मारायच्या. ज्याला गप्पांच्या नादात गळ्यातल्या गिटारीचा विसर पडला तो पास. बशीबरोबर जो गिटारही सांभाळत बसला तो नापास. एका भारदस्त वकिलांनी हौसेनं काळीकुळकुळीत, दोन शिंगं असलेली गिटार पसंत केली होती. मेव्हण्यांनी त्यांच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि नम्रपणे म्हणाले, 'साहेब, तुम्ही गिटार घातलेली नाय. गिटारीनं तुम्हाला धरून आणलंय.' आणि आवाजाचं काय, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. 'आवाज डब्यातला. डबा बदलता येतो, खांदा बदलता येत नाय.'

तर अशा या परीक्षकासमोर आमची मुक्ता उभी राहिली. मुक्ता म्हणजे आमचं कन्यारत्न; चणीनं बारीक, हट्टानं भरीव. कॉलेजच्या गॅदरिंगला पोरींच्या बँडमध्ये गिटार वाजवून वर गायचंही तिनं कबूल केलं होतं आणि आजवरचा सगळा सराव मैत्रिणीच्या गिटारीवर. स्वतःची घ्यायची तर मामानं पास केलेलीच, हेही तिचंच. मेव्हण्यांचा तिच्यावर फार जीव, म्हणून मला वाटलं, काम एका रविवारचं. मेव्हण्यांनी पहिली गिटार नापास केली: जड. पटलं. दुसरी नापास: मान जाड. तेही पटलं. तिसरी नापास: रंग लाल. 'लाल रंग धोक्याचा असतो, दाजी.' इथं मला पहिली शंका आली. चौथी तर मुक्ताला अशी बसली, की चहा पिता पिता ती गिटारीसकट दुकानाबाहेर पडून पाणीपुरीच्या गाडीवर जाऊन उभी राहिली. आम्ही सगळे मेव्हण्यांकडे बघू लागलो. त्यांनी लाकडाला कान लावला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, 'लाकूड उदास वाटायलंय.'

घरी आल्या आल्या मुक्ता आपल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. बँडमधल्या पोरींनी तिला येत्या रविवारपर्यंतची मुदत दिली होती. नाहीतर दुसरी मुलगी तयार होती. मी तणतणत मेव्हण्यांकडे गेलो. मेव्हणे नव्हते, त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे वहिनी, होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'भाऊजी, झोपेत दचकून उठतात हो. मुक्ताच्या ओठाला माइक लागला, एवढंच म्हणतात आणि पाणी मागतात.'

म्हणजे मेव्हण्यांना गिटार नापास करायचीच नव्हती. वायर नापास करायची होती. मी राग घेऊन गेलो होतो आणि भीती घेऊन परत आलो, आणि ही भीती मोठी चिवट. मी घरातले प्लग मोजू लागलो. मुक्ता अनवाणी फिरताना दिसली की ओरडू लागलो. एकदा दिव्याच्या बटणापाशी माझा हात आपोआप थबकला, तेव्हा आमची ही म्हणाली, 'अहो, लाटणं देऊ का?'

रविवारी आम्ही छावणीत गेलो. लष्करी बँडमधून निवृत्त झालेले एक अंकल आपली गिटार विकणार होते. वहिनीही मुद्दाम आल्या. यांनी पुन्हा लाकूड उदास म्हटलं तर तिथंच काय ते बघते, असं त्यांचं म्हणणं होतं. गिटार मधाच्या रंगाची, हलकी, कडा वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. मुक्तानं गळ्यात घातली. 'हात सोड.' मान हलली नाही. कड रुतली नाही. खांदा जागच्या जागी. अंकलनी चहा दिला आणि मुक्ता गॅदरिंगचं काहीबाही सांगत सुटली, बशी एका हातात, दुसरा हात हवेत. मेव्हण्यांनी लाकडाला कान लावला. बराच वेळ लावला. मी लालपासून उदासपर्यंत सगळ्या कारणांची मनात उजळणी केली. मेव्हण्यांना एकही सापडेना. त्यांच्या कपाळावर घाम आला.

'मामा, सांगा ना,' मुक्ता म्हणाली. तिचा आवाज आता रडवेला झाला होता. 'नाही म्हणायचं तर नाही म्हणा. पण खोटं नका सांगू.'

मेव्हण्यांनी कपाळ पुसलं. मग अंकलना म्हणाले, 'डबा हाय?'

डबा आला. मेव्हणे म्हणाले, 'माइक पण लागंल.' माइक आला. अंकलनी सगळं जोडलं आणि मेव्हण्यांचा चेहरा बघून हसत म्हणाले, 'अरे भई, डरते कैको? काटती नै वो.' त्यांनी तारेला टेस्टर लावून दाखवला. टेस्टर पेटला नाही. 'टेस्टरच गेलेला असंल,' मेव्हणे पुटपुटले. टेस्टर भिंतीतल्या प्लगात घालून पेटवून दाखवला. मेव्हण्यांचं समाधान झालं नाही, उलट एक पाऊल मागं सरले.

'मी लावून बघते,' मुक्ता पुढं झाली.

'हात लावू नको!' मेव्हणे असे ओरडले, की अंकलच्या अंगणातल्या कोंबड्या फडफडल्या. 'आधी मी. अन् दाजी, ती कोपऱ्यातली काठी घ्या. लाकडाची हाय ना? मी चिकटलो तर हाणा. पाहुणा हाय, मोठा हाय, असं काय मनात आणू नका. जोरात हाणा.'

मी काठी घेतली. एरवी मेव्हण्यांना हाणायची अशी राजरोस संधी मी हसत घेतली असती. आज काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून मी मेव्हण्यांच्या पाठीशी उभा राहिलो. मेव्हण्यांनी गिटार गळ्यात घातली. आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, जी पाहून वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्यांनी पायातले स्लीपर काढले. मुक्ता कधीतरी अनवाणी वाजवणारच, मग परीक्षा अर्धी कशी चालेल? अनवाणी, थंडगार शहाबादी फरशीवर ते उभे राहिले. डावा हात तारांवर ठेवला. डोळे घट्ट मिटले. मान एकेक बोट पुढं सरकत होती आणि खोलीत डब्याची बारीक घरघर सोडून दुसरा आवाज नव्हता. मी काठी उचलली. ओठ माइकला लागले.

काही झालं नाही.

मेव्हण्यांनी एक डोळा उघडला. पुन्हा ओठ लावले. अजून काही झालं नाही. त्यांच्या तोंडून एक लांब श्वास सुटला आणि माइकमधून वाऱ्यासारखा खोलीभर फिरला. मग उजव्या हातानं, बहुधा नकळतच, त्यांनी तार छेडली.

मला गाण्यातलं फारसं कळत नाही. इतकंच सांगतो की बरणीतली माशी बाहेर आली. पहिल्या सुरानं मेव्हणे स्वतःच दचकले, दुसऱ्यानं थांबले, आणि तिसऱ्यापासून जे सुरू झालं ते थांबेना. सूर लांबत होते, वाकत होते, एकमेकांच्या मागं धावत होते. मेव्हण्यांचा चेहरा मानेपर्यंत केस असलेल्या त्या पोराचा झाला होता आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. अंकल दारात सावधान उभे. मुक्ता फरशीवर बसून दोन्ही हातांनी तोंड दाबून ऐकत होती. मला मात्र मध्येच त्यांच्या घरातल्या संध्याकाळी आठवल्या, खिडकीपाशी बसलेला माणूस, आणि त्याच्यासमोर बसून सोयीनं हसणारे आम्ही.

वाजवणं संपलं तेव्हा त्यांनी गिटार उतरवली, मुक्ताच्या गळ्यात घातली, पट्टा तिच्या मापाचा केला आणि हलकेच म्हणाले, 'तुझीच हाय ही.' वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचं लग्न फर्दापूरनंतरचं. वायर लावलेले मेव्हणे त्यांनी जन्मात ऐकले नव्हते. त्यांचा पदर तोंडावरून सुटला आणि सगळ्यांसमोर त्या बोलून गेल्या:

'अगं बाई! अहो, मी इतकी वर्षं समजत होते, तुम्हाला वाजवताच येत नाही, ते कुणाला कळू नये म्हणून पार झोपेतसुद्धा भ्यायचं सोंग करता!'