हव म्हणणारा शिशिर

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. समता कॉलनीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत शिशिरचं संगणकदुरुस्तीचं दुकान होतं, आणि हा माझा नवरा कुणालाच नाही म्हणत नसे. कुणी काहीही मागो, उत्तर एकच, ‘हव’, म्हणजे हो. तोंडभर हव आणि काम अधांतरी. गावच तसं होतं म्हणा; सुतारापासून साहेबापर्यंत सगळे हव म्हणायचे. मला भारी राग यायचा. आज त्या रागाचीसुद्धा आठवण येते.

शेजारचे श्रीपादकाका रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्यांची दृष्टी गेली. शांताबाईकाकू होत्या तोवर त्या वाचून दाखवत. त्या गेल्यावर काकांना उरला एक बोलका प्रोग्रॅम. नागपूरहून संगणकावर टाइप होऊन आलेली पुस्तकं तो मोठ्याने वाचायचा. मग जुना संगणक बिघडला आणि नव्यावर प्रोग्रॅम चालेना. तो प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कुठे परदेशी गेलेला.

“जमंल का रे?” काकांनी विचारलं.

“हव,” शिशिर म्हणाला.

या वेळी मात्र तो खरंच बसला. जुना प्रोग्रॅम संगणकाच्या मूळ यंत्रणेकडे सारखं काही ना काही मागत असतो: फाईल उघड, आवाज काढ, आवाज संपला का सांग. नव्या यंत्रणेला ही भाषा कळत नव्हती. दोघांच्या मध्ये दुभाष्यासारखा बसणारा एक तयार थर मिळत होता, पण अर्धामुर्धा. राहिलेल्या मागण्यांची उत्तरं शिशिर त्यात भरत होता. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत बोलतो आणि मधे सून निभावून नेते, तसलंच ते काम. जिथे जमेना, तिथे स्वारीने सरळ ‘झालं’ असं उत्तर ठेवून दिलं.

कित्येक महिन्यांनी काकांसमोर प्रोग्रॅम सुरू झाला आणि अख्खं पान एका दमात खरखरून संपलं. ‘आवाज संपला का,’ असं प्रोग्रॅमने विचारलं की शब्द संपायच्या आतच उत्तर मिळत होतं, ‘झालं’.

“तुह्यावरच गेलं हे,” मी म्हटलं. शिशिर हसला. काका हसले नाहीत.

“तू नाही म्हटलं असतं ना, तर मी गल्लीतल्या रामकृष्णच्या पोट्टीले वाचाले बोलावलं असतं,” ते म्हणाले. “तुह्या हववर बसून राहिलो मी.”

शिशिरचा चेहरा पडला. मला त्याची दया आली, आणि काकांचीही.

घरी येऊन त्याने ती सगळी खोटी उत्तरं काढली. आवाज संपेपर्यंत थांबायचं, आणि जे जमत नाही त्याला चक्क नाही म्हणायचं. एका मागणीला ‘नाही’ असं उत्तर मिळताच प्रोग्रॅमने आपणहून दुसरी वाट धरली. लिहिणाऱ्याने नकाराची सोय आधीच करून ठेवली होती, आमच्या शिशिरलाच ती कधी सुचली नव्हती.

पुन्हा काकांकडे गेलो. या वेळी एकेक शब्द सावकाश, स्पष्ट आला. काका खुर्ची पुढे ओढून ऐकत होते. आम्ही कौतुकाची वाट पाहत उभे होतो.

“जा आता तुम्ही,” काका म्हणाले. “मले वाचू द्या.”