नववी ‘ब’चा तपास

शीला वाघमारे बाईंची आणि माझी पहिली भेट शाळेच्या शिक्षककक्षात झाली. मी गणिताचा नवा शिक्षक. बाई मराठी शिकवत. हातातली कुमारांसाठीची रहस्यकादंबरी मिटून त्यांनी विचारले, “प्रमेय सिद्ध न करता आपण पुढे जाता का?” मी नाही म्हणालो. “मग आपलं जमेल.”

हिंजवडीत कंपन्या येत होत्या, पालकांना इंग्रजीची घाई होती. मराठीच्या तासाला मुले क्लासची गणिते सोडवत. बाई रागावल्या नाहीत. आठवड्यातला एक तास त्यांनी त्या कादंबरीला दिला. सोसायटीत चोरी होते, सगळे वॉचमनवर संशय घेतात, अशी गोष्ट. प्रत्येक प्रकरणानंतर बाई फळ्यावर दोन रकाने आखत : ‘दिसलं काय’ आणि ‘वाटलं काय’. नववी ‘ब’ त्यावर तुटून पडे.

त्याच वर्षी वर्गातल्या एका मुलीचा मोबाइल हरवला. मुख्याध्यापकांनी थेट त्याच वर्गातल्या मनीषाला उभे केले आणि तिचे दप्तर उपडे केले. तिच्या आई शाळेत सफाईचे काम करत, एवढेच कारण. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली.

“सर, पुरावा काय?”

“तिला घेताना कुणी पाहिलं का, सर?” दुसऱ्याने विचारले. बघता बघता अर्धा वर्ग उभा राहिला. आवाज ऐकून मी दाराशी आलो होतो. आत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाइल, ज्या मुलीचा हरवला होता तिच्याच वडिलांच्या गाडीत सापडला. मनीषाची माफी कुणी मागितली नाही. उलट बोलावणे आले ते बाईंना. मलाही साक्षीला बसवले होते.

“बाई, तुम्ही भाषा शिकवता की उद्धटपणा?” संस्थेच्या कार्यवाहांनी विचारले.

“प्रश्न विचारणं हा उद्धटपणा असेल, तर तोच शिकवते. मनीषाची माफी कधी मागताय?”

कादंबरी बंद झाली. बाईंकडची नववी काढून त्यांना पाचवी दिली, ती निवृत्तीपर्यंत. मी गप्प बसलो. मला नोकरीत कायम व्हायचे होते. त्या गप्प बसण्याचा स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही.

मनीषाने शाळा सोडायचे ठरवले होते. बाई तिच्या घरी गेल्या, दुसऱ्या दिवशी तिला सोबत घेऊन फाटकातून आत आल्या. कादंबरीची उरलेली प्रकरणे त्यांनी खडकीतल्या आपल्या घरी, रविवारी शिकवली. जवळजवळ सगळा वर्ग जात असे.

मनीषाताई आता वारज्यात राहतात. संस्था काढत असलेल्या बाईंच्या या गौरवग्रंथासाठी मी त्यांच्याकडे लेख मागितला. त्या म्हणाल्या, “सर, आधी संस्थेनं माझ्याबद्दल दोन ओळी लिहाव्यात. मग मी लिहीन.”

संस्थेने लिहिले आहे, पण बाईंबद्दल; प्रस्तावनेत त्यांना ‘उपक्रमशील शिक्षिका’ म्हटले आहे. कोणता उपक्रम, ते सांगायची हिंमत झालेली नाही. ज्याची शिक्षा केली, त्याचाच आता गौरव करता. निदान नाव तरी घ्या!

बाई, मी आपली माफी आज इथे, सर्वांसमक्ष मागतो. संस्थेकडून माफी येईपर्यंत आपण ठणठणीत राहावे, ही मनापासून इच्छा. संस्थेचा संथ कारभार मी जवळून पाहिला आहे, म्हणून आपल्यासाठी शंभराहून एकही वर्ष कमी मागत नाही.